सँटा मोनिकाचं विमानतळ: सातबारा शहराचा, हुकूम वॉशिंग्टनचा

सनसेटपार्ककर

आमच्या सँटा मोनिकात गप्पांचा फड जमला की गाडी दोनच विषयांवर येते, घरभाडं आणि विमानतळ. भाड्यावर इथे आधीच ढीगभर धागे आहेत, म्हणून हा विमानतळावर.

बाहेरगावच्यांसाठी आधी थोडं. लॉस एंजेलिसचं मोठं विमानतळ, एलएएक्स, ते वेगळं. हे त्याच्या उत्तरेला जेमतेम पाच मैलांवर, २२७ एकरांचं. बरीच वर्षं इथून तिकीट काढून कुठे जाता येत नव्हतं. दोन-चार आसनी सेसना-पायपर, शिकाऊ वैमानिक, हौशी मंडळी आणि पैसेवाल्यांची छोटी जेट, मुख्यतः एवढाच कारभार. जमीन, धावपट्टी, बरेचसे हँगर शहराच्या मालकीचे. व्यवस्थापक शहराचा नोकर, लँडिंग फी शहर घेतं, आवाजाचा दंड शहर लावतं. फक्त वर टॉवरमध्ये बसलेली माणसं केंद्र सरकारच्या विमान खात्याची, म्हणजे एफएएची.

हे विमानतळ ३१ डिसेंबर २०२८ नंतर बंद करायची मुभा शहराला मिळाली आहे. 'मुभा मिळाली' हे मुद्दाम लिहितोय. जागा १९२६ पासून शहराची, तीही उद्यानासाठीचे कर्जरोखे काढून घेतलेली, आणि तरी ती बंद करायला पन्नासेक वर्षं कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. असं का, हे मला कधी नीट कळत नव्हतं. कागदपत्रं चाळून जे हाती लागलं ते मांडतो.

दुसऱ्या महायुद्धात केंद्र सरकारने विमानतळ भाडेपट्ट्याने घेतलं, कारण शेजारीच डग्लस या विमानं बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना होता. युद्ध संपल्यावर १९४८ साली परत दिलं, पण सोबत एक हस्तांतरणाचा दस्त केला. त्यात कलम असं, की ही जागा कायम विमानतळ म्हणूनच चालवायची, नाहीतर ती केंद्राकडे जाईल. या एका कलमावर पुढची सगळी भांडणं उभी आहेत.

सत्तरच्या दशकात शहराने जेटवर बंदी घातली. १९७९ साली कोर्टाने ती उडवली, पण रात्रीची उड्डाणबंदी आणि आवाजाची मर्यादा राहू दिली. मग १९८४ साली तह झाला, की शहर २०१५ पर्यंत विमानतळ चालवेल. २००८ साली शहराने मोठ्या, वेगवान जेटवर पुन्हा बंदी आणली, २०११ मध्ये अपील कोर्टाने तीही फेटाळली. शेवटी २०१७ च्या जानेवारीत कोर्टासमोर तडजोड झाली. धावपट्टी ४,९७३ फुटांवरून ३,५०० वर आणायची (ते त्याच वर्षाअखेर झालंही), २०२८ अखेरपर्यंत गुण्यागोविंदाने चालवायचं, मग शहर मोकळं.

या सगळ्यात मला सगळ्यात चटका लावून गेली ती अनुदानाची गोष्ट. शहराने १९९४ साली केंद्राकडून विमानतळाच्या कामांसाठी पैसे घेतले. असे पैसे घेतले की साधारण वीस वर्षं काही अटी पाळाव्या लागतात, म्हणजे २०१४ ला सुटका. पण २००३ साली त्याच अनुदानात अडीच लाख डॉलरच्या आतबाहेरची वाढ मागून घेतली. एफएए म्हणाली, वीस वर्षं आता या तारखेपासून, म्हणजे २०२३ पर्यंत! लॉस एंजेलिसच्या या भागात अडीच लाखांत आज गॅरेजसुद्धा मिळायचं नाही, आणि तेवढ्यासाठी २२७ एकरांवरचा हक्क नऊ वर्षं लांबणीवर.

माझं मत सांगून टाकतो. विमानतळ बंद व्हावं या बाजूचा मी आहे. पण 'केंद्राने आमच्यावर अन्याय केला' हे जे इथल्या सभांमध्ये ऐकू येतं, ते मला पटत नाही. हात बांधून घेतले ते आपणच, सह्या करून.

शेपटीवारा

आला धागा! मी याच विमानतळावर शिकलो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

पहिलं, विमानतळ आधी, घरं नंतर. १९२० च्या दशकात इथे शेतं होती. धावपट्टीच्या टोकाशी घर घ्यायचं आणि मग आवाज येतो म्हणून ओरडायचं, हे कसं चालेल?

दुसरं, आम्ही काही मोकाट उडत नाही. पश्चिमेकडे उड्डाण केलं की जरासं डावीकडे वळून पेनमार गोल्फ कोर्सवरून जायचं आणि समुद्रकिनारा येईपर्यंत दुसरं वळण घ्यायचं नाही, म्हणजे घरांवरून कमी जाणं होतं. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी टच-अँड-गो (उतरून न थांबता लगेच पुन्हा उडायचा सराव) बंद. रात्री ११ ते सकाळी ७ उड्डाण बंद, शनिवार-रविवारी ८ पर्यंत. धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडे आवाज मोजणारे मायक्रोफोन आहेत. ९५ डेसिबलच्या वर गेलात की शहराचं पत्र घरी, पुन्हा गेलात की हजारांत दंड. माझ्या इन्स्ट्रक्टरला एकदा असं पत्र आलं होतं, तो ते हँगरच्या फळ्यावर लावून नव्या पोरांना दाखवायचा.

आणि तिसरं, जे बाहेरच्यांना कळणं अवघड आहे. इथून दक्षिणेला हॉथॉर्न किंवा टॉरन्सला जायचं तर मध्ये आडवं एलएएक्स. त्याच्यावरून छोट्या विमानांसाठी एक वाट ठेवलेली आहे, तिला मिनी रूट म्हणतात. टॉवरची परवानगी घ्यायची आणि बरोबर २,५०० फुटांवरून एलएएक्सच्या धावपट्ट्या ओलांडायच्या. खाली ए-३८० सारखं अवाढव्य विमान उभं असतं आणि वरून आपण शंभर नॉटने फटफटत जात असतो. पंचवीस तासांच्या शिकाऊ पोराला रेडिओवर नीट बोलायला यापेक्षा चांगली शाळा नाही.

अण्णा_लाँगबीच

आयुष्य विमानकंपन्यांत गेलं, त्यामुळे राहवत नाही.

सनसेटपार्ककर, तुम्ही डग्लसला एका वाक्यात उरकलंत! अहो, त्या जागेचा सगळा महिमा तिथे आहे. जुनं नाव क्लोव्हर फील्ड, पहिल्या महायुद्धात गेलेल्या एका तरुण वैमानिकाच्या नावावरून. १९२४ साली अमेरिकी लष्कराने विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा करायची ठरवली, ती चार विमानं डग्लसने सँटा मोनिकात बांधली. मार्चमध्ये इथून निघून सिअॅटलला गेली आणि तिथून अधिकृत मोजणी सुरू झाली. चारातली दोन, 'शिकागो' आणि 'न्यू ऑर्लिन्स', १७५ दिवसांनी परत पोचली. वाटेत ती कलकत्त्यालाही होती बरं का. तोवर पाण्यावर उतरण्यासाठी खाली फ्लोट लावलेले होते, ते कलकत्त्यात काढून चाकं बसवली आणि पुढे अलाहाबाद, अंबाला, मुलतान, कराची असा जमिनीवरून प्रवास झाला.

मग डीसी-३, डग्लसचं गाजलेलं प्रवासी विमान. पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९३५, याच धावपट्टीवरून. आपल्याकडे ज्याला डकोटा म्हणतात ते याचंच लष्करी भावंड. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला शीख पलटण उतरवली ती डकोटांनीच.

युद्धात हा कारखाना हवेतून दिसू नये म्हणून त्यावर तारेची जाळी ताणून वर खोटी घरं, खोटी झाडं, खोटे रस्ते उभारले होते. शेजारची वस्ती कुठे संपते आणि कारखाना कुठे सुरू होतो ते वरून कळत नसे.

आता शेपटीवाऱ्यांच्या 'विमानतळ आधी, घरं नंतर' या मुद्द्याला थोडी पुरवणी. ती घरं बांधली कोणासाठी? विमानतळाशेजारच्या सनसेट पार्क वस्तीतली बरीच घरं डग्लसच्या कामगारांसाठी उभी राहिली. म्हणजे आवाज ज्यांच्या पोटापाण्याचा होता तेच शेजारी होते. पन्नाशीच्या दशकात डग्लसला डीसी-८ या जेटसाठी लांब धावपट्टी हवी होती, शहराने नकार दिला, आणि जेटचं काम आमच्या लाँग बीचला आलं. माझ्या मते विमानतळाची कुंडली तिथेच फिरली. नोकऱ्या गेल्या, आवाज राहिला.

झंप्या_पार्लेकर

वाचतोय. पार्ल्यात राहून विमानाच्या आवाजाबद्दल तक्रार करणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. आम्ही फोनवर बोलताना वाक्य मध्येच थांबवतो, विमान गेलं की पुढचा शब्द. सवयीने.

एक शंका. आपल्याकडे जुहू आहे ना, तेही असंच छोटं, समुद्राजवळचं, हेलिकॉप्टरचं. मग मुंबई महापालिका त्याचं काही करू शकते का?

सनसेटपार्ककर

जुहू महापालिकेचं नाहीच. ते भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाचं, म्हणजे केंद्राचं. तिथे प्रश्न उलटा आहे. पालिकेला मालकी नाही, पण उंचीच्या मर्यादा तिच्या हद्दीतल्या इमारतींवर. फनेलमधल्या, म्हणजे विमानांच्या चढ-उताराच्या मार्गाखालच्या, जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास मजले चढवता येत नाहीत म्हणून अडकतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. अमेरिकेत मात्र हजारो छोटी विमानतळं गावं, शहरं, काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) चालवतात. इथल्याच आसपास बघा, टॉरन्स टॉरन्स शहराचं, हॉथॉर्न हॉथॉर्नचं, व्हॅन नाइज लॉस एंजेलिस शहराचं.

अण्णा_लाँगबीच

जुहूचं नाव निघालं म्हणून अवांतर: १९२८ चं विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ या छोट्या विमानातून अहमदाबादमार्गे तिथेच उतरले. बॉम्बे फ्लाइंग क्लबही तिथलाच, आता त्यांचं शिकवणं धुळ्याला चालतं. अवांतर समाप्त.

सायली_बेएरिया

धावपट्टी, इतिहास, कोर्ट सगळं झालं, पण शिशाबद्दल कोणी अक्षर काढलेलं नाही!

गाड्यांच्या पेट्रोलमधून शिसं अमेरिकेत १९९६ ला पूर्ण गेलं, भारतात २००० ला. पण या छोट्या पिस्टन विमानांच्या इंधनात ते अजून आहे. नाव १०० एलएल. त्यातला 'एलएल' म्हणजे कमी शिसं म्हणे, पण गॅलनमागे दोन ग्रॅमपर्यंत असतं. त्याला कमी म्हणायचं तर म्हणा. २०२३ च्या ऑक्टोबरात पर्यावरण खात्याने अधिकृतपणे नोंदवलं, की या विमानांच्या धुरातलं शिसं आरोग्याला धोका आहे.

आमच्याकडे सॅन होजेत रीड-हिलव्ह्यू विमानतळ आहे, ते काउंटीचं. आजूबाजूला दाट वस्ती, बरीचशी कष्टकऱ्यांची. २०२१ साली काउंटीने अभ्यास करून घेतला, त्यात विमानतळाजवळच्या मुलांच्या रक्तात लांबच्या मुलांपेक्षा जास्त शिसं आढळलं. काउंटीने १ जानेवारी २०२२ पासून शिसंवालं इंधन विकणंच बंद केलं. मी दोन लहान मुलांची आई आहे, माझ्या दृष्टीने मिनी रूट, गोल्फ कोर्स वगैरे सगळं त्यानंतर.

शेपटीवारा

ताई, शिशाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. उड्डाणाआधी टाकीतून नळीत थोडं इंधन काढून बघतो आम्ही, पाणी आहे का, रंग बरोबर आहे का. निळसर दिसतं ते. पूर्वी तपासून झालं की तिथेच डांबरावर फेकून द्यायचे, मीही तसंच शिकलो. आता वेगळ्या डब्यात जमा करतात, आणि ते आधीच व्हायला हवं होतं.

पण एकदम बंद केलं की अडचण ही, की जास्त दाबाच्या इंजिनांना कमी ऑक्टेनचं इंधन चालत नाही. पोराने चुकीचं भरलं तर उड्डाण करताना इंजिन बंद, आणि खाली वस्ती तीच. बिनशिशाच्या १०० ऑक्टेनच्या एका इंधनाला एफएएने २०२२ मध्ये मान्यता दिली, ते रीड-हिलव्ह्यूला विकायलाही आलं. पण रंग निघाल्याच्या, टाकीचं सीलंट सुटल्याच्या तक्रारी आहेत, त्यामुळे बरेच मालक हात आखडून आहेत.

सायली_बेएरिया

विमानाचा रंग पुन्हा देता येतो.

कलम_चौदा

वकिली करते (विमानांची नाही, पण कागद वाचता येतात). सायलीताईंच्या शिशाचा आणि धागाकर्त्यांच्या अनुदानाचा धागा एकच आहे.

रीड-हिलव्ह्यूच्या काउंटीने २०११ नंतर केंद्राचं अनुदान घेणंच थांबवलं. का? २०११ मध्ये वीस मिळवा, २०३१. त्या वर्षी त्यांना मोकळं व्हायचंय. म्हणजे सँटा मोनिकाला जो धडा २००३ च्या अडीच लाखांनी मिळाला, तो दुसऱ्यांनी वेळेत घेतला.

आणि शिसं: २०२४ च्या मे महिन्यात केंद्राने कायदा केला, की जिथे २०२२ मध्ये १०० एलएल विकलं जात होतं तिथे ते २०३० अखेरपर्यंत, किंवा मान्य पर्याय मिळेपर्यंत, मिळत राहिलं पाहिजे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०३१ पासून विक्रीबंदीचा कायदा केला. तारखा एकमेकींना कशा टेकल्यात बघा. मधल्या काळात नगरपालिकेला वाटलं म्हणून पंप बंद करता येत नाही.

अनुदानाची मेख थोडी सविस्तर, कारण 'पैसे घेतले की अटी' इतकं ते सरळ नाही. पात्र कामाच्या खर्चातले साधारण ९० टक्के केंद्र देतं. तो पैसा येतो विमानप्रवाशांकडून, देशांतर्गत तिकिटावरच्या साडेसात टक्के कराचा त्यात मोठा वाटा. म्हणजे तुम्ही शिकागोला जाता तेव्हा सँटा मोनिकाच्या डांबराला हातभार लावता. बदल्यात शहराने कबूल करायचं, की विमानतळ सगळ्या प्रकारच्या विमानांना रास्त अटींवर खुलं ठेवू, कोणाशी दुजाभाव करणार नाही. जेटबंदी कोर्टात का टिकत नाही, ते इथे. आणि विमानतळाचं उत्पन्न विमानतळावरच खर्च करायचं. हँगरच्या भाड्यातून शाळेचं छप्पर दुरुस्त करता येत नाही. आता नगरसेवकांच्या जागी बसून बघा. जमीन आपली, उत्पन्न आपल्या तिजोरीत नाही, तक्रारींचे फोन मात्र आपल्याला. अशा नगरसेवकांना विमानतळ नकोसं झालं तर नवल नाही.

झंप्या_पार्लेकर

मग सरळ खोदून का टाकत नाहीत? एकदा धावपट्टीच नाही म्हटल्यावर कोर्ट काय करणार?

कलम_चौदा

झंप्याभाऊ, हे झालेलं आहे! शिकागोचं मेग्ज फील्ड. तळ्याकाठी, शहराच्या ऐन मध्यावर. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर डेलींनी बुलडोझर पाठवले आणि धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणून ठेवल्या. कोणाला सूचना नाही. सोळा विमानं सकाळी अडकलेली सापडली, ती पुढे टॅक्सीवेवरून, म्हणजे धावपट्टीकडे जायच्या रस्त्यावरून, उडवून काढावी लागली.

एफएएने दंड केला तो किती? ३३,००० डॉलर. कायद्यात तेवढीच तरतूद होती. विमानतळाचा निधी पाडकामाला वापरला म्हणून त्याशिवाय दहा लाख डॉलर परत भरायला लावले. नंतर संसदेने सूचना न देता विमानतळ बंद केल्याचा दंड दिवसाला १०,००० पर्यंत नेला. म्हणजे सँटा मोनिकाच्या महापौरांना आता ते स्वस्तात पडणार नाही.

शेपटीवारा

मेग्ज! मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये खेळ सुरू झाला की विमान तिथेच उभं असायचं. नव्वदीत कॉम्प्युटर लॅबमध्ये आम्ही सगळे तिथून उडालो आणि पहिल्याच वळणावर तळ्यात पडलो. माझं वैमानिक व्हायचं खूळ तिथलंच.

अण्णा_लाँगबीच

+१. माझ्या मुलाने शिकागोची सगळी उंच टॉवरं तिथूनच पाडली होती. सिम्युलेटरमध्ये हो!

खवचट_खान

म्हणजे थोडक्यात, श्रीमंतांच्या खेळण्यांसाठी गरिबांनी शिसं खायचं आणि अण्णांनी आठवणी काढायच्या. चालू द्या.

शेपटीवारा

खानसाहेब, जेटवाले श्रीमंत मान्य. पण जेट केरोसीनवर चालतं, त्यात शिसं नसतं! शिसं आमच्या जुनाट सेसनांचं, आणि त्यातली बरीच चार-पाच जणांनी वर्गणी काढून घेतलेली. धावपट्टी आखूड केल्यावर जेट कमी झाली, आम्ही राहिलो. म्हणजे शहराने आवाज घटवला तो श्रीमंतांचा, शिसं राहिलं ते मध्यमवर्गाचं. हे मी आमच्या बाजूने बोलत नाहीये, पण आहे ते असं आहे.

सनसेटपार्ककर

हा मुद्दा सभांमध्ये कधीच ऐकला नाही.

सुरक्षेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०१३ च्या सप्टेंबरात एक छोटं जेट उतरल्यावर धावपट्टी सोडून हँगरवर आदळलं, चौघे गेले. २०१५ च्या मार्चमध्ये हॅरिसन फोर्डचं जुनं विमान उड्डाणानंतर इंजिन बंद पडून पेनमार गोल्फ कोर्सवर उतरलं, तेच शेपटीवाऱ्यांचं गोल्फ कोर्स. तो वाचला. गोल्फ कोर्सऐवजी दोन गल्ल्या पलीकडे पडला असता तर, हा विचार इथल्या माणसाच्या मनातून जात नाही. धावपट्टीच्या टोकापासून घरं हाकेच्या अंतरावर आहेत.

शेपटीवारा

म्हणूनच तर गोल्फ कोर्सवरून जायला सांगतात.

सायली_बेएरिया

बंद झाल्यावर विमानं जाणार कुठे? ती हवेत विरून जाणार नाहीत. ज्यांच्याकडे जातील तिथली मुलं कोणाची?

शेपटीवारा

टॉरन्स, हॉथॉर्न, व्हॅन नाइज, व्हाइटमन, एल माँटे. हँगरसाठी सगळीकडे रांगा. टॉरन्समध्येही शिकाऊ उड्डाणांवर निर्बंध आणायची ओरड आहेच. मी उघड्यावर दोरांनी बांधून ठेवायची जागा शोधतोय, एका ठिकाणी नाव नोंदवलं तर समोरच्या बाईंनी विचारलं, "मुलाच्या नावाने लिहू का?"

कलम_चौदा

आणि रिकाम्या जागेचं काय? २०१४ च्या मतदानात सँटा मोनिकाकरांनी 'एलसी' ठराव मंजूर केला. विमानतळ बंद झाल्यावर तिथे उद्यान, मोकळी जागा, सार्वजनिक क्रीडांगण एवढंच, बाकी काही बांधायचं तर पुन्हा मतदान. विमानवाल्यांचा 'डी' ठराव त्याच वेळी पडला.

सनसेटपार्ककर

हो, आणि आता त्यावरूनच घराघरात दोन तट आहेत. एक म्हणतो उद्यान म्हणजे उद्यान, १९२६ चे रोखे त्यासाठीच होते. दुसरा म्हणतो, भाडी परवडत नाहीत म्हणून शिक्षक आणि नर्सा दीड-दीड तास गाडी चालवत येतात, थोडी तरी परवडणारी घरं बांधा, मतदान घ्या. शहराची तिजोरी आधीच ओढगस्तीत, २२७ एकरांचं उद्यान करायचा आणि पुढे राखायचा पैसा कुठून येणार हे कोणी नीट सांगत नाही. माझं मत कोपऱ्यातल्या काही एकरांवर घरं, बाकी झाडं. बायकोचं मत एक वीटही नको. तिच्या मताला आमच्या गल्लीत जास्त टाळ्या मिळतात.

झंप्या_पार्लेकर

जूनमध्ये मुलीकडे अर्व्हाइनला येतोय. बंद व्हायच्या आत बघता येईल का? आत सोडतात?

सनसेटपार्ककर

जरूर या. धावपट्टी बघायला सार्वजनिक गच्ची आहे, पैसे लागत नाहीत. विमानतळाच्या रस्त्यावर अण्णांचं डीसी-३ खांबांवर चढवून ठेवलंय, आणि शेजारी म्युझियम ऑफ फ्लाइंग, त्याचे वार आणि वेळा आधी बघून घ्या. जूनमध्ये सकाळी समुद्रावरून ढग येऊन बसतात, छोटी विमानं जमिनीवरच असतात. दुपारी एकनंतर या. टच-अँड-गो बघायचे असतील तर शनिवार-रविवार टाळा. आणि अर्व्हाइनहून ४०५ हायवेच्या गर्दीतून येणार, तर डबा सोबत ठेवा.